बुडबुड्यांचा माग

तेव्हा माझं काम एवढंच होतं :
होडी वल्हवायची आणि बुडबुडे बघायचे.
रेमिहियो खाली, एकशेवीस फूट,
वर मी, चौदा वर्षांचा, पाण्यावर नजर रोवून.
बुडबुडे सरकले की होडी सरकवायची.
बुडबुडे थांबले तर काय करायचं
ते कुणी शिकवलं नव्हतं.

दिवसाला बारा टाक्या हवा.
शेवंड विकली जाते शेपटीच्या वजनावर;
माणूस किती घाईने वर आला
ते कुठल्याच काट्यावर चढत नाही.
तेराव्या टाकीला तो वर आला, हसला,
आकडी माझ्या हातात दिली
आणि म्हणाला, माझे पाय कुठे गेले बघ रे.

आई अजून म्हणते, लिवा माइरिनने धरलं.
समुद्राची बाई ती,
तिची लेकरं फार उपसली की हिशेब मागते.
मी आईशी वाद घालत नाही.
हिशेब तर कुणीतरी मागितलाच.

आता अकरा वर्षं मी एक नळी बघतो.

तिच्या आतल्या टोकाला एक इवलासा फुगा,
दहा मिली पाण्याचा. तो दिसत नाही कधी,
पण खाडीतल्या खांबांवर घर उभं
तसे आम्ही सगळे त्याच्यावर उभे.
महिन्याला बदला, नर्स ओर्फिलिया सांगते.
बोट आली नाही की दोन महिने होतात.
एका वादळी मोसमात तीन झाले,
आणि फुगा रिकामा होईचना.
शेवटी जी बाहेर आली तिच्या टोकावर
पांढरी, खरखरीत पुटं; चुरडली तर वाळू.
रेमिहियोने ती उजेडात धरली :
"प्रवाळ! माझ्यातही खडक वाढतोय.
उद्या शेवंडी येतील राहायला."
आम्ही हसलो.
ओर्फिलिया चादरीवरचं रक्त बघत होती.

रात्री दोनला कधी त्याचं डोकं फुटायला येतं.
कपाळ, मान घामाने निथळते,
छातीखालचं अंग कोरडं, गार, दुसऱ्या कुणाचं असावं तसं.
पहिल्यांदा आम्हाला वाटलं हिवताप.
ओली फडकी ठेवत बसलो,
आणि तो मरत होता
मांडीखाली दुमडलेल्या एका नळीमुळे.
दुमड सोडवली. गढूळ, नासक्या वासाची धार
अशी धडधडत आली की मला रडू फुटलं.
लघवी बघून रडणारा माणूस
पाहिलाय तुम्ही?

एका सकाळी पिशवी जांभळी झाली.
जांभळी म्हणजे जांभळीच, पाद्रीबाबांच्या उपासाच्या झग्यासारखी.
आईने मेणबत्ती लावली.
ओर्फिलिया म्हणाली, जंतूंचा रंग आहे,
पोट साफ नाही त्याचं, पिशवी बदला, पाणी पाजा.
पाणी.
दाराबाहेर क्षितिजापर्यंत तेच आहे,
पिण्याचं तेवढं पिंपात, पावशेर पावशेर मोजलेलं.

एक गोष्ट मी आईला सांगितलेली नाही.
नळी इतकी वर्षं एकाच बाजूला ओढली गेली
की तिथली कातडी चिरत चालली आहे,
दर महिन्याला थोडी.
त्याला दुखत नाही.
साफ करताना दात मीच आवळतो.
तो छपराकडे बघतो, विचारतो,
भाव काय चाललाय यंदा?
मी खोटा सांगतो, कमी करून.

कंदील लहान करून मी उशाशी बसतो.
थेंब. बराच वेळ काही नाही. थेंब.
मग कधी नळीत हवेचा एक बुडबुडा सापडतो,
चुकून वर, त्याच्याकडे सरकतो,
आणि माझे हात
आपोआप वल्हं शोधू लागतात.

उद्या सोमवार. नळी बदलायची आहे,
बोट आली तर.